वळायला पुरेल एवढी दरी

1. वरून का जात नाहीत?

प्रवासी जेट विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते; ढग, पाऊस, डोंगर सगळे खाली राहते. मग अलास्काच्या उत्तरेकडची चार-सहा आसनांची विमाने डोंगरांच्या कुशीतून, नदीच्या वळणांवरून का उडतात? सरळ वरून का जात नाहीत?

स्वच्छ दिवशी ती वरूनच जातात. अलास्काच्या उत्तर भागात पूर्व-पश्चिम पसरलेल्या ब्रूक्स पर्वतरांगेतली सर्वांत उंच शिखरे सुमारे 2,700 मीटरची आहेत. सेस्ना 206 सारखे एका इंजिनाचे विमान साडेचार हजार मीटरपर्यंत चढू शकते, तेव्हा डोंगर ओलांडणे ही त्याच्या ताकदीबाहेरची गोष्ट नाही. खरी अडचण ढगांची आहे, आणि त्याहून मोठी अडचण अशी की जिथे उतरायचे ते गाव डोंगरावर नसून दरीच्या तळाशी असते. वरून गेले तरी शेवटी ढगांतून खाली यावेच लागते, आणि त्या ढगांच्या पोटात कडे असतात.

ढगांतून यंत्रांच्या आधारे उतरण्याच्या पद्धती आहेत. पण त्यांना मोकळा, आखलेला मार्ग लागतो, आणि दोन्ही बाजूंना डोंगर असलेल्या दरीत तो आखता येत नाही किंवा आखला तरी जमिनीच्या फार जवळ आणत नाही. शिवाय त्या ढगांत बर्फ होतो. उंची वाढली की हवा दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. जुलै महिन्यात दरीच्या तळाशी 10 अंश सेल्सियस तापमान असेल, तर वर दीड किलोमीटरवर शून्य अंश येते. त्याच्या वरच्या ढगांत पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही द्रवरूपातच तरंगत असतात आणि पंखाला लागताक्षणी गोठतात. मोठ्या विमानांना बर्फ वितळवण्याची सोय असते. छोट्या विमानांपैकी बहुतेकांना नसते. ऐन उन्हाळ्यातही ढग हा त्यांच्यासाठी बंद दरवाजाच असतो.

म्हणून ढगांच्या खालून आणि डोंगरांच्या मधून जावे लागते. या प्रकरणात पुढे जे काही येते ते या एकाच अडचणीतून निघालेले आहे.

2. जाणे टाळता येत नाही का?

अलास्का हे अमेरिकेचे सर्वांत मोठे राज्य. महाराष्ट्राच्या साडेपाच पट क्षेत्रफळ आणि लोकवस्ती साधारण सव्वासात लाख. तिथल्या बहुसंख्य वस्त्यांना बाहेरून रस्ताच जात नाही. ब्रूक्स पर्वतरांगेच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर अनाक्तुवुक पास नावाचे गाव आहे. नुनामिउत या भटक्या, कॅरिबू हरणांची शिकार करणाऱ्या लोकांनी 1950 च्या आसपास तिथे घरे बांधली. आज चारेकशे लोक राहतात. दूध, टपाल, औषधे, शाळेचे सामान, आजारी माणूस, बाळंतीण, सगळ्यांची ये-जा विमानाने होते.

फेअरबँक्सहून या गावाचे अंतर सुमारे 400 किलोमीटर. युकॉन नदी ओलांडून बेटल्स या छोट्या वस्तीपर्यंत सपाट प्रदेश लागतो. तिथून पुढे जॉन नदीची दरी धरून उत्तरेकडे चढत जायचे. दोन्ही बाजूंना डोंगर हळूहळू जवळ येत जातात. जिथे दरी संपते ती खिंड, आणि खिंडीतच गाव. पलीकडे उतरणारे पाणी उत्तर ध्रुवीय समुद्राला मिळते. त्या समुद्रावरून येणारे धुके आणि खालचे ढग उत्तर उतारावर साचतात. त्यामुळे बेटल्सला लख्ख ऊन असते तेव्हा खिंड कापसाने बुजलेली असू शकते. निघाल्या ठिकाणचे हवामान पाहून पोचायच्या ठिकाणाबद्दल काहीच सांगता येत नाही.

पूर्वी ही कामे कुत्र्यांच्या घसरगाड्यांवर चालत. 21 फेब्रुवारी 1924 रोजी कार्ल बेन आयलसन या वैमानिकाने फेअरबँक्स ते मॅकग्राथ हा टपालाचा प्रवास तीन तासांच्या आत केला. घसरगाडीला त्यासाठी वीसेक दिवस लागत. परतताना मात्र अंधार पडला आणि लोकांनी पेटवलेल्या शेकोट्यांच्या उजेडात त्याला उतरावे लागले. वेगाचा फायदा आणि उजेड-हवामानाचा धोका एकाच प्रवासात दिसून आला. पाच वर्षांनी, नोव्हेंबर 1929 मध्ये, बर्फात अडकलेल्या जहाजावरचे लोक आणि माल आणायला सैबेरियाच्या किनाऱ्याकडे जाताना वादळात त्याचे विमान कोसळले. त्यात आयलसन आणि त्याचा मेकॅनिक दोघेही गेले.

3. जमीन विमानापेक्षा वेगाने चढते

दरीतून वर जाताना होणारी पहिली फसगत डोळ्यांची असते. दरीचा तळ हळूहळू चढत असतो, पण सगळीकडे सारखाच चढत असल्यामुळे तो सपाट वाटतो.

एक हिशेब करून पाहू. विमानाचा वेग ताशी 150 किलोमीटर, म्हणजे मिनिटाला अडीच किलोमीटर. सामान भरलेले असताना ते मिनिटाला 150 मीटर चढते. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला 60 मीटर. आता दरीचा तळ दर किलोमीटरला 80 मीटर चढत असेल, तर विमान पूर्ण ताकदीने चढत असूनही दर किलोमीटरला 20 मीटर हरते. सुरुवातीला जमिनीपासून 200 मीटर उंचीवर असलेले विमान दहा किलोमीटरनंतर जमिनीला टेकेल. त्याला लागतात चार मिनिटे. या चार मिनिटांत इंजिन ठणठणीत असते, काटे सगळे जागेवर असतात, उंचीमापकावरचा आकडा सतत वाढत असतो. बिघाड असा कुठेच नसतो.

गरम दिवशी हिशेब आणखी बिघडतो. गरम हवा विरळ, विरळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन कमी आणि पंखाला आधार कमी. उंची वाढली तरी तसेच. दरी जिथे अरुंद आणि उंच होते, नेमके तिथेच विमान सर्वांत अशक्त असते.

यावरचा उपाय जुन्या वैमानिकांनी केव्हाच शोधला: चढायचे ते दरीत शिरण्याआधी, मोकळ्या मैदानावर. पण ढगांचा तळ खाली असेल तर तेवढी उंची घेताच येत नाही. मग दुसरा उपाय उरतो, परत फिरणे.

4. परत फिरायला किती जागा लागते?

रस्त्यावरच्या गाडीला थांबता येते, मागे घेता येते. विमानाला थांबता येत नाही. परत जायचे तर पूर्ण अर्धे वर्तुळ काढावे लागते. या वर्तुळाचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: विमान किती तिरके केले आणि वेग किती आहे. वेगाचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो. वेग दुप्पट झाला की लागणारी जागा चौपट.

30 अंश तिरके होऊन ताशी 240 किलोमीटर वेगाने वळणाऱ्या विमानाला सुमारे 1,570 मीटर रुंदी लागते. वेग 160 वर आणला तर सुमारे 700 मीटर पुरतात. वेग एक तृतीयांशाने घटला आणि जागा निम्म्याहून कमी झाली. दरीत वाट बिकट दिसू लागली की घाईने पुढे निघून जावेसे वाटते, आणि तीच सर्वांत वाईट चाल. हुशार वैमानिक आधी वेग कमी करतो, पंखाच्या मागच्या झडपा थोड्या उतरवतो आणि मग वळतो.

अधिक तिरके होऊनही वर्तुळ लहान करता येते, पण त्याला किंमत आहे. तिरक्या विमानाला तोलून धरण्यासाठी पंखांना जास्त जोर लावावा लागतो आणि ज्या किमान वेगाखाली पंख काम सोडतात तो वेग वाढतो. 30 अंशांत तो सात टक्क्यांनी वाढतो, 45 अंशांत एकोणीस टक्क्यांनी, 60 अंशांत एक्केचाळीस टक्क्यांनी. समोर कडा पाहून घाबरलेला माणूस वेग कमी असतानाच विमान जोरात कलवतो आणि दांडा ओढतो. पंखांचा आधार सुटतो. डोंगराला न धडकताही विमान खाली पडते.

म्हणूनच दरीच्या मधोमध उडू नये असे शिकवले जाते. मध्यावरून वळणाऱ्याला निम्मीच रुंदी मिळते. एका बाजूला चिकटून उडणाऱ्याला अख्खी दरी. बाजू निवडायची ती शक्यतो जिच्या उतारावर वारा आपटून वर चढतो ती. तिथे विमान आपोआप उचलले जाते आणि वळताना वाऱ्याकडे तोंड होत असल्याने वारा त्याला समोरच्या कड्याकडे लोटत नाही. प्रवाशाला मात्र विमान उगाच डोंगराला घासून चालले आहे असे वाटते आणि तो मनातल्या मनात वैमानिकाला बोल लावतो.

अलास्कातल्या काही खिंडींत एक फाटा खरा आणि शेजारचा बंद, असा प्रकार आहे. मेरिल पास ही त्यातली कुप्रसिद्ध खिंड. तिला रस मेरिल या वैमानिकाचे नाव दिलेले आहे. तो 1929 मध्ये विमानासह बेपत्ता झाला. खालच्या ढगांत आजूबाजूची शिखरे दिसत नाहीत, दऱ्यांची तोंडे एकसारखी वाटतात आणि नदीचा एक फाटा मोजण्यात चूक झाली की माणूस आंधळ्या दरीत शिरतो. आता उपग्रहांवरून जागा दाखवणारी यंत्रे असल्याने ही चूक कमी झाली आहे. पण यंत्र दरी दाखवते, दरीतला ढग दाखवत नाही.

5. न दिसणारा धबधबा

ओढ्यात मोठा धोंडा असला की पाणी त्याच्या अलीकडच्या बाजूने गुळगुळीत वर चढते आणि पलीकडे खळाळत खाली कोसळते, भोवरे करते. डोंगरावरून जाणारी हवा हेच करते. फरक इतकाच की ती दिसत नाही.

वाऱ्याच्या दिशेने डोंगर ओलांडणाऱ्याला हवा स्वतःच उचलून देते. वाऱ्याच्या विरुद्ध येणारा मात्र कड्याच्या मागच्या बाजूने, खाली कोसळणाऱ्या हवेतून येतो. ही हवा मिनिटाला तीनशे मीटरने खाली जात असेल आणि विमान मिनिटाला 150 मीटर चढत असेल, तर विमानाचे नाक वर असूनही ते मिनिटाला 150 मीटर खाली चाललेले असते. त्यामुळे दोन संकेत पाळले जातात. कडा ओलांडताना किमान तीनशे मीटर, वारा जोराचा असेल तर सहाशे मीटर वर असावे. आणि कड्याकडे सरळ न जाता 45 अंशांच्या तिरक्या रेषेत जावे, म्हणजे ऐनवेळी उतरणीकडे वळायला अर्धे वर्तुळ लागत नाही, थोडेसे वळण पुरते. कड्याच्या माथ्यावर वारा ताशी 45-50 किलोमीटरच्या पुढे असेल तर छोट्या विमानाने त्या दिवशी डोंगराकडे जाऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे.

6. चोवीस सेकंद

अमेरिकेत नियंत्रणाबाहेरच्या, जमिनीजवळच्या आकाशात खासगी वैमानिकाला दिवसा उडायला एक मैल, म्हणजे 1.6 किलोमीटर पुढचे दिसले आणि ढगात न शिरता जाता आले, तर कायद्याने पुरेसे आहे. ऐकायला हे बरे वाटते. ताशी 240 किलोमीटर वेगाने 1.6 किलोमीटर पार व्हायला चोवीस सेकंद लागतात. याच वेगाने वळायला 1,570 मीटर रुंदी लागते हे वर पाहिलेच. म्हणजे जेमतेम जेवढे दिसते तेवढीच जागा वळायला हवी. कायदा पाळणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी इथे फारच दूर आहेत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

बर्फावर आणखी एक अडचण येते. ढगाळ उजेडात पांढरी जमीन आणि पांढरे आकाश एक होतात, सावली पडत नाही, चढ-उतार पुसले जातात. दृष्टी दहा किलोमीटर पोचत असली तरी पाहण्यासारखे काही उरत नाही. अशा वेळी वैमानिक नदीकाठची खुरटी झाडे, वाळू, दगड, काहीही गडद धरून उडतो. ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला झाडेही नाहीत.

आणि चुकून ढगात शिरलेच तर? कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव वळण सुरू झालेले ओळखतो. वळण सावकाश आणि एकसारखे चालू राहिले की तो गप्प होतो. क्षितिज दिसत नसले की विमान हळूहळू कलते आणि आत बसलेल्याला ते सरळच वाटते. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात, यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही न दिसता विमान सांभाळायला लावले. विसांपैकी एकालाही ते शेवटपर्यंत जमले नाही. विमान हाताबाहेर जायला लागलेला सरासरी वेळ 178 सेकंद होता. तीन मिनिटेही नाहीत, आणि हा प्रयोग डोंगर नसलेल्या आकाशातला.

हवामान ढासळले की एकदम ढासळत नाही, ही यातली खरी मेख. ढगांचा तळ थोडा उतरतो, म्हणून विमान थोडे खाली येते. मग आणखी थोडे. प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा फारशी वेगळी नसते. त्यामुळे परत फिरण्याची रेषा जमिनीवर असतानाच ठरवावी लागते: अमुक ठिकाणी पोचेपर्यंत ढग तमुक उंचीच्या खाली आले तर मागे. आकाशात गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्याच्या मनात तोवर पोचण्याची ओढ शिरलेली असते.

7. थंडीची कारस्थाने

उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. थंड हवा दाटून बसते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत तो खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो. जमिनीवर उणे 40 अंश असताना यंत्र जमिनीपासून 1,000 मीटर दाखवत असेल, तर खरी उंची सुमारे आठशेच असू शकते. ढगांत डोंगर ओलांडणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक म्हणजे अख्खा माथा.

सकाळचे काम त्याहून साधे आणि कंटाळवाणे. रात्री पंखांवर कापडी खोळी चढवायच्या, नाहीतर पहाटे त्यांवर दंव गोठते. पॉलिशपेपरसारखा खरखरीत असा हा पातळ थर पंखाची उचल तीस टक्क्यांपर्यंत कमी करू शकतो. इंजिन सुरू करण्याआधी त्यात तासभर गरम हवा सोडायची. जुन्या काळी वैमानिक रात्री इंजिनातले तेल काढून डब्यात भरत, डबा झोपडीत शेगडीशेजारी ठेवत आणि सकाळी तापवलेले तेल पुन्हा ओतत.

8. न पोचलेल्यांसाठी

16 ऑक्टोबर 1972 रोजी अँकरेजहून जुनोकडे निघालेले सेस्ना 310 विमान नाहीसे झाले. त्यात अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य होते, हेल बॉग्ज आणि निक बेगिच. 39 दिवस शोध चालला. विमान आजवर सापडलेले नाही. अपघातानंतर आपोआप संदेश पाठवणाऱ्या यंत्राची गरज याहून ठळकपणे क्वचितच दिसली असेल. आताची यंत्रे 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक देतात. तीही निर्दोष नाहीत: ऑगस्ट 2010 मध्ये माजी सिनेटर टेड स्टीव्हन्स ज्या अपघातात गेले, त्यात हे यंत्र धक्क्याने आपल्या जागेवरून निसटले आणि त्याची हाक बाहेर पोचली नाही.

विमानात काय हवे ते अलास्काच्या कायद्याने बराच काळ यादीने सांगितलेले होते. प्रत्येकाला आठवडाभर जगवेल एवढे अन्न, कुऱ्हाड, चाकू, प्रथमोपचाराची पेटी, विस्तव पेटवण्याचे साधन, मासेमारीचे गळ आणि दोरा, धुराचे इशारे आणि माणशी एक डोक्यावरची मच्छरजाळी. हिवाळ्यात यात बर्फावर चालण्याचे जोडे आणि झोपण्याची पिशवी यांची भर. मच्छरजाळी वाचून हसू येते, पण उन्हाळ्यातल्या टुंड्रातले डास ज्याने पाहिले तो हसत नाही.

9. खिंडीतला डोळा

या सगळ्या उपायांत सर्वांत साधा उपाय सर्वांत उशिरा आला. हवामानखाते वारा, तापमान, दाब सांगते, पण वैमानिकाला हवे असते ते एकच: खिंड उघडी आहे का? 1999 पासून अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने अलास्कातल्या खिंडींत आणि धावपट्ट्यांवर कॅमेरे बसवायला सुरुवात केली. आज तिथे अशी दोनशेहून अधिक ठिकाणे आहेत. दर दहा मिनिटांनी नवे चित्र येते. त्याच्या शेजारी त्याच जागेचे स्वच्छ दिवशी घेतलेले चित्र असते आणि त्यावर प्रत्येक टेकडीचे अंतर आणि उंची लिहिलेली असते. आठ किलोमीटरवरचे शिखर दिसत नाही, तीन किलोमीटरवरची टेकडी दिसते, तिचा माथा ढगात आहे: एवढ्यावरून दृष्टी किती आणि ढगांचा तळ कुठे, हे घरबसल्या मोजता येते. निघून, अर्ध्या वाटेवरून परतणारी उड्डाणे त्यामुळे वाचतात, आणि न परतणारीही. हीच पद्धत पुढे कोलोरॅडो आणि हवाई या राज्यांत नेण्यात आली.

ही चित्रे सर्वांसाठी खुली आहेत. वाचकाला फोनवर अनाक्तुवुक पासची खिंड पाहायची असेल तर अलास्काचे घड्याळ भारताच्या घड्याळापेक्षा उन्हाळ्यात साडेतेरा आणि हिवाळ्यात साडेचौदा तास मागे असते, एवढे लक्षात ठेवावे. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नसल्याने केव्हाही पाहिले तरी चालते. डिसेंबरात मात्र दुपारच्या काही तासांच्या संधिप्रकाशातच चित्रात काही दिसेल.